बीपीची गोळी नीट घ्यायची म्हणजे काय

सकाळी दुकान उघडल्यावर पहिल्या अर्ध्या तासात एक तरी माणूस काउंटरवर स्ट्रिपचा कापलेला तुकडा ठेवतो. गोळ्यांचे चार रिकामे खळगे, मागे चंदेरी कागद आणि त्यावर अर्धवट उरलेली अक्षरं: '...एएम ४०'. "हीच द्या, बीपीची आहे." औषधाचं नाव दुसऱ्या तुकड्याबरोबर गेलेलं असतं, मुदतीची तारीखही तिकडेच. गोळीचा रंग विचारला तर "पांढरी, बारकी," असं उत्तर येतं. माझ्या कपाटात पांढऱ्या आणि बारक्या गोळ्या शेकड्यांनी आहेत.

कोकणातल्या एका तालुक्याच्या गावात, एसटी स्टँडजवळ, माझं मेडिकल आहे. गोळी कुठली आणि किती, हे डॉक्टरांनी ठरवायचं, त्यात मी पडत नाही. पण ती गोळी पिशवीत पडून घरी गेल्यावर तिचं काय होतं, ते मला रोज दिसतं. बीपीच्या औषधाने त्रास झालेली बहुतेक माणसं चुकीच्या औषधामुळे अडचणीत आली नव्हती. औषध बरोबर होतं, ते घेण्यात गोंधळ झाला होता. तो गोंधळ टाळता येतो, म्हणून हे सगळं सावकाश सांगतो आहे.

आधी गोळी आत जाऊन काय करते ते बघू. हृदय दिवसाला साधारण लाखभर वेळा आकुंचन पावतं आणि विश्रांतीच्या वेळी मिनिटाला पाचेक लिटर रक्त पुढे ढकलतं. ढकलताना रक्तवाहिन्यांच्या भिंतीवर जो दाब पडतो तो वरचा आकडा, आणि दोन ठोक्यांच्या मध्ये हृदय सैल पडतं तेव्हा उरतो तो खालचा. दाब कशावर ठरतो? शेतीचा पंप चालवणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. पंप किती जोरात चालतो, पाइप किती रुंद आहे आणि आत पाणी किती आहे, या तीन गोष्टींवर. बीपीच्या गोळ्याही याच तीन ठिकाणी काम करतात.

अॅम्लोडिपीन ही आपल्याकडे फार मोठ्या प्रमाणात दिली जाणारी गोळी पाइप रुंद करते. रक्तवाहिनीच्या भिंतीत स्नायूंचा थर असतो. त्या पेशींत कॅल्शियम शिरलं की स्नायू आवळतो आणि वाहिनी अरुंद होते. अॅम्लोडिपीन कॅल्शियमच्या त्या वाटेवर अडसर घालते, मग स्नायू सैल पडतो. हे ऐकलं की बायका हमखास विचारतात, "मग माझी हाडांची कॅल्शियमची गोळी बंद करू का?" नाही. डॉक्टरांनी दिलेल्या नेहमीच्या प्रमाणात ती अॅम्लोडिपीनसोबत चालते. लघवी वाढवणारी बीपीची गोळी चालू असेल तर मात्र कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व घेतो हे डॉक्टरांच्या कानावर घाला, कारण त्या गोळीमुळे कॅल्शियम लघवीवाटे कमी बाहेर पडतं आणि रक्तात साचू शकतं.

टेल्मिसार्टनचं काम वेगळं. शरीरात अँजिओटेन्सिन नावाचा एक पदार्थ तयार होतो, तो वाहिन्या आवळतो आणि मूत्रपिंडाला मीठ धरून ठेवायला लावतो. त्याला किल्ली समजा. टेल्मिसार्टन ही कुलपात आधीच जाऊन बसलेली दुसरी किल्ली आहे, जी फिरत नाही आणि खऱ्या किल्लीला आत येऊ देत नाही. रॅमिप्रिल, एनालाप्रिल या गोळ्या एक पायरी अलीकडे काम करतात, किल्ली घडवण्याचाच कारखाना मंदावतात. तिसरा गट लघवीच्या गोळ्यांचा: क्लोरथॅलिडोन, हायड्रोक्लोरोथायझाइड. या जादा मीठ आणि पाणी बाहेर काढतात. मेटोप्रोलोलसारख्या गोळ्या पंपाचा वेग आणि जोर कमी करतात.

या औषधांच्या इतिहासात मुंबईचं एक पान आहे. डॉ. रुस्तम जाल वकील या मुंबईच्या हृदयरोगतज्ज्ञांनी १९४९ साली 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये सर्पगंधा या वनस्पतीचा उच्च रक्तदाबावर होणारा परिणाम मांडला आणि आपल्या वैद्यकातली ही मुळी जगभरच्या डॉक्टरांच्या नजरेत आली. पुढे तिच्यातून रेसर्पिन वेगळं केलं गेलं आणि बरीच वर्षं ते वापरात होतं. मन खोल उदास होणं हा त्याचा दुष्परिणाम पुढे आला आणि नवी औषधं मिळाल्यावर त्याचा वापर कमी झाला. ही गोष्ट मी अभिमानाने सांगतो, पण आणखी एका कारणासाठीही. सर्पगंधा असलेल्या गोळ्या आजही मिळतात आणि "झाडपाल्याचं आहे, त्याने काय होतंय" म्हणून लोक त्या डॉक्टरांच्या गोळीवर चढवतात. मुळीत औषध आहे म्हणूनच ती काम करते. दोन्हींचा परिणाम एकत्र होतो, आणि सोबत मेटोप्रोलोल असेल तर नाडीही फार मंदावू शकते.

गोळी सुरू झाली की तिसऱ्या दिवशी माणूस दुकानात येतो. "काही फरक नाही हो, दुसरी द्या." अॅम्लोडिपीन शरीरात अतिशय संथ चालतं. घेतलेलं निम्मं औषध शरीरातून जायला ३० ते ५० तास लागतात. म्हणजे रोज एक गोळी घेतली की आदल्या दिवसाचं थोडं उरलेलं असतं, त्यात नवं मिसळतं, आणि आठवडाभराने पातळी स्थिर होते. टेल्मिसार्टनचा पूर्ण परिणाम दिसायला साधारण चार आठवडे लागतात. त्यामुळे तीन दिवसांत निकाल मागणं म्हणजे पेरणीनंतर चौथ्या दिवशी कणसं मोजणं. डॉक्टर दोन-चार आठवड्यांनी परत बोलावतात ते याच हिशोबाने. पहिल्या भेटीत एक गोळी, दुसऱ्या भेटीत दोन, असं झालं की लोक घाबरतात, "आजार वाढला." तसंच असेल असं नाही. एकच औषध दुप्पट केल्याने दाब जेवढा उतरतो त्यापेक्षा दोन वेगवेगळी औषधं थोडी थोडी दिल्याने बहुतेक वेळा जास्त उतरतो, आणि त्रासही कमी होतो.

आता स्ट्रिप. माझ्या मते बीपीच्या औषधातली सगळ्यात महत्त्वाची वाचण्याची गोष्ट हीच, आणि ती कोणी वाचत नाही. मोठ्या अक्षरात कंपनीने ठेवलेलं नाव असतं, औषधाचं खरं नाव त्याखाली लहान अक्षरात. कंपनीच्या नावाला जोडलेली शेपटी नीट बघा. 'एएम' म्हणजे सोबत अॅम्लोडिपीन आहे. 'एच' म्हणजे हायड्रोक्लोरोथायझाइड. 'सीटी' बहुधा क्लोरथॅलिडोन. एकाच नावाच्या पाच वेगळ्या स्ट्रिपा माझ्या फळीवर शेजारी शेजारी असतात, खोक्याचा रंगही जवळपास तोच, आणि शेपटी बदलली की औषध बदललं. पुढचा आकडा मिलिग्रॅमचा, टेल्मिसार्टन ४० आणि ८० यांत दुपटीचा फरक आहे. आणखी एक बारकावा: 'एस-अॅम्लोडिपीन २.५' ही गोळी साध्या अॅम्लोडिपीन ५ च्या बरोबरीची धरतात. आकडा लहान दिसतो म्हणून दोन घेऊ नका.

एक आजी मुलीकडे मुंबईला महिनाभर राहून आल्या. तिथल्या डॉक्टरांनी तपासून गोळी लिहून दिली, आणि इथल्या डॉक्टरांची जुनी गोळी चालूच होती. दोन स्ट्रिपा, दोन कंपन्या, दोन रंग. आजी दोन्ही नेमाने घेत होत्या. पाय सुजले, उठताना डोळ्यांपुढे अंधारी येऊ लागली, एकदा मोरीत तोल गेला. मी दोन्ही स्ट्रिपा शेजारी ठेवून खालची बारीक अक्षरं वाचली, तर दोन्हींत अॅम्लोडिपीन. आधीच्या महिन्यात त्या एक स्ट्रिप माझ्याकडूनच घेऊन गेल्या होत्या, आणि तेव्हा मी विचारलं नव्हतं की घरी आणखी काय चालू आहे. तेव्हापासून मी विचारतो.

म्हणून सांगतो, दुकानदार स्ट्रिप कापत असेल तर नाव आणि मुदत असलेली बाजू मागून घ्या, किंवा सरळ पूर्ण स्ट्रिप घ्या. टेल्मिसार्टनच्या बाबतीत दुसरंही कारण आहे. ही गोळी हवेतला ओलावा ओढते. आमच्याकडे जून ते सप्टेंबर भिंतीसुद्धा घाम गाळतात, अशा हवेत आठवड्याच्या गोळ्या सोलून डबीत भरून ठेवल्या तर त्या मऊ पडतात. टेल्मिसार्टन घ्यायच्या वेळीच खळग्यातून काढावी. डबीची सवय असेल तर खळग्यासकट कात्रीने कापून ठेवा, पण नावाची एक पूर्ण स्ट्रिप घरात राहू द्या. फ्रिजमध्ये ठेवण्याची गरज नाही. ज्या गोळीच्या नावापुढे 'एक्सएल', 'ईआर', 'एसआर' किंवा 'रिटार्ड' असेल ती कुटू नका, चावू नका. ती दिवसभर हळूहळू विरघळावी अशी बांधलेली असते, कुटली की दिवसभराचं औषध एकदम सुटतं. काही अशा गोळ्यांवर मधोमध खाच असते, त्या खाचेवर अर्ध्या करता येतात, पण विचारून.

गोळी सकाळी घ्यायची की रात्री, यावर घराघरांत वाद चालतो. ब्रिटनमध्ये २१,१०४ लोकांवर वर्षानुवर्षं चाललेल्या 'टाइम' नावाच्या अभ्यासाचा निकाल २०२२ मध्ये आला: हृदयविकाराचा झटका, पक्षाघात आणि त्यांतून होणारे मृत्यू या बाबतीत सकाळ आणि रात्र यांत फरक दिसला नाही. तेव्हा ज्या वेळेला तुमची गोळी चुकत नाही, ती तुमची वेळ. देवपूजेनंतर, दात घासल्यावर, सकाळच्या चहाच्या कपाशी. लघवीची गोळी तेवढी सकाळी घ्यावी, नाहीतर रात्री चार वेळा उठावं लागतं आणि म्हातारपणी अंधारात पडण्याचं ते एक मोठं कारण. जेवणाआधी की नंतर, हा प्रश्न अॅम्लोडिपीन आणि टेल्मिसार्टनला फारसा लागू नाही. रोज एकसारखं घ्या म्हणजे झालं.

गोळी विसरली तर? त्याच दिवशी आठवली तर घ्या. दुसऱ्या दिवसाच्या गोळीची वेळ झाल्यावर आठवली तर गेलेली सोडून द्या आणि नेहमीची एकच घ्या. दोन एकदम कधीही नाहीत. "घेतली की नाही तेच आठवत नाही" अशी स्थिती असेल तर न घेतलेली बरी, एखादा दिवस चुकल्याने अनर्थ होत नाही. आठवड्यातून दोन-तीनदा चुकणं ही निराळी गोष्ट आहे. तसं होत असेल तर डॉक्टरांना खरं सांगा, कारण तुम्ही "रोज घेतो" म्हणालात आणि दाब चढा दिसला, तर ते औषध वाढवतील. मग ज्या आठवड्यात सगळ्या गोळ्या नीट घ्याल त्याच आठवड्यात चक्कर येईल.

त्रासांबद्दल मोकळेपणाने बोललं पाहिजे, कारण न सांगता गोळी बंद करण्याचं ते पहिलं कारण आहे. अॅम्लोडिपीनने काहींच्या घोट्यांवर सूज येते, संध्याकाळी जास्त, बायकांत जास्त, आणि ५ पेक्षा १० मिलिग्रॅमला बरीच जास्त. "किडनी गेली," म्हणून माणसं रडकुंडीला येतात. रक्त आणणाऱ्या बारीक वाहिन्या सैल होतात, परत नेणाऱ्या तेवढ्या होत नाहीत, मधल्या मध्ये पाणी झिरपतं, एवढाच त्याचा अर्थ बहुतेक वेळा असतो. डॉक्टर मात्रा कमी करतात किंवा टेल्मिसार्टन जोडतात, त्याने सूज उतरायला मदत होते. मात्र एकाच पायाला सूज आणि दुखणं, किंवा सुजेबरोबर धाप लागणं, याला गोळीचा त्रास समजून बसू नका, लगेच दाखवा. अॅम्लोडिपीनने क्वचित हिरड्याही वाढतात, दाताच्या डॉक्टरांना चालू औषध सांगावं ते यासाठी.

रॅमिप्रिल, एनालाप्रिलने साधारण दहातल्या एकाला कोरडा, ढास लागणारा खोकला येतो. महिनोन्महिने खोकल्याची औषधं पिऊन थकलेली माणसं मी पाहिली आहेत. कारण बीपीच्या चिठ्ठीत असतं, आणि गोळी बदलली की खोकला जातो. ओठ, जीभ किंवा चेहरा अचानक सुजला तर मात्र ती आणीबाणी आहे. पुढची गोळी घेऊ नका, दवाखाना गाठा.

टेल्मिसार्टन आणि त्याच्या भाऊबंदांसाठी दोन रक्ततपासण्या लागतात: क्रिएटिनिन आणि पोटॅशियम. सुरू करण्याआधी, सुरू केल्यावर काही आठवड्यांत, आणि मग डॉक्टर सांगतील तशा, निदान वर्षाकाठी. लघवीच्या गोळीवर असलेल्या म्हाताऱ्या माणसाला अचानक गुंगी आली, बोलण्यात गोंधळ दिसू लागला, तर सोडियम तपासायला हवं. घरचे "वय झालं" म्हणून सोडून देतात, आणि ते दुरुस्त होण्यासारखं असतं. मूल होण्याची शक्यता असलेल्या प्रत्येक बाईने टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल या गटांबद्दल डॉक्टरांशी आधीच बोलावं. गरोदरपणात ही औषधं बाळाच्या मूत्रपिंडाला घातक ठरतात. दिवस राहिल्याची नुसती शंका आली तरी त्याच दिवशी फोन करा. त्या काळासाठी वेगळी, वापरून पारखलेली औषधं आहेत.

आता ज्या गोष्टी चिठ्ठीशिवाय पोटात जातात त्यांच्याकडे येतो. यात पहिला नंबर दुखण्याच्या गोळ्यांचा. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, अॅसिक्लोफिनॅक. लावणीच्या दिवसांत कंबर धरते, चिकुनगुनियाच्या तापानंतर सांधे महिनाभर ठणकतात, आणि माणूस काउंटरवर येऊन "अंगदुखीची एक स्ट्रिप" मागतो. या गोळ्या मीठ-पाणी धरून ठेवतात, त्यामुळे दाब चढतो. टेल्मिसार्टन, लघवीची गोळी आणि दुखण्याची गोळी ही तिन्ही एकत्र आली की मूत्रपिंडाचा रक्तपुरवठाच अडचणीत येतो, उलट्या-जुलाबाने शरीर कोरडं पडलेलं असेल तर फारच. पॅरासिटामॉल, ठरलेल्या मात्रेत आणि थोड्या दिवसांसाठी, त्या मानाने सुरक्षित आहे. पाण्यात टाकल्यावर फसफसणारी गोळी मात्र नको, तिच्यात सोडियम असतं. पित्तावरच्या फसफसणाऱ्या पावडरीचंही तेच, आणि खाण्याच्या सोड्याचंही.

सर्दीच्या गोळीत नाक मोकळं करणारं फिनाइलेफ्रिन किंवा स्यूडोएफेड्रिन असेल तर ते वाहिन्या आवळतं, बीपीच्या गोळीच्या नेमकं उलट. सर्दीचं औषध मागताना "मला बीपी आहे" हे तीन शब्द आधी बोला. खोकल्याला म्हणून ज्येष्ठमधाची काडी दिवसेंदिवस चघळणं, त्याचा काढा पिणं, हेही टाळा. ज्येष्ठमधाने दाब वाढतो आणि रक्तातलं पोटॅशियम घटतं, हे पक्कं माहीत असलेलं आहे. एखाद्या दिवशी घशाला आराम म्हणून तुकडा चघळला तर प्रश्न नाही, नेम नको. सैंधव मीठ बीपीला चालतं, हा समज मला फार खोडून काढावा लागतो. सैंधवही मीठच आहे, त्यात सोडियमच असतं. जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेली दिवसाची मर्यादा ५ ग्रॅम मिठाची, म्हणजे सपाट चमचाभर. त्यात लोणचं, पापड, सुकट, फरसाण सगळं आलं. बाजारात 'कमी सोडियम'चं मीठ मिळतं, त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं. पुष्कळांना ते उपयोगी आहे. पण टेल्मिसार्टन किंवा रॅमिप्रिल चालू असेल, किंवा मूत्रपिंड कमजोर असेल, तर पोटॅशियम धोक्याच्या पातळीला जाऊ शकतं. ते घरात आणण्याआधी विचारा.

जुलाब-उलट्या लागल्या, ताप येऊन खाणं-पिणं सुटलं, की टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल आणि लघवीची गोळी त्याच जोमाने चालू ठेवणं मूत्रपिंडाला महागात पडू शकतं. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. बहुधा ते यांतल्या काही गोळ्या दोन-तीन दिवस थांबवायला सांगतात आणि खाणं-पिणं सुरू झालं की पुन्हा चालू करतात. आणि अशा वेळी बीपी आहे म्हणून ओआरएस नाकारू नका. "त्यात मीठ असतं ना?" असतं, आणि त्या दिवशी शरीरातून गेलेलंही तेच असतं. आषाढीच्या वारीला निघणाऱ्यांना मी हे दरवर्षी सांगतो. आळंदीहून पंढरपूर म्हणजे जवळपास अडीचशे किलोमीटर चाल, वर ऊन-पाऊस. औषधं दोन पिशव्यांत विभागून घ्या, एक स्वतःजवळ, एक दिंडीच्या ट्रकमधल्या सामानात. चिठ्ठीचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. निर्जळी एकादशी करायची असेल तर गोळ्यांचं काय, हे आधी विचारा. गोळीबरोबर घोटभर पाण्याने उपास मोडत नाही, असं माझी आजी म्हणायची, आणि मी ते तिच्या नावाने पुढे सांगत आलो आहे.

उन्हाळ्यात दाब थोडा उतरतो, थंडीत चढतो. एप्रिल-मेमध्ये उठताना गरगरत असेल तर सांगा, मात्रा बदलावी लागू शकते. एरवीही पलंगावरून उठताना आधी कडेला बसा, पाय हलवा, मग उभे राहा.

घरी दाब मोजणं ही चांगली सवय आहे, पण मोजायचं कसं ते शिकून घ्या. दंडावर बांधायचं मशीन घ्या, मनगटाचं नको. पट्टा दंडाच्या मापाचा हवा. जाड दंडाला लहान पट्टा बांधला तर आकडा खोटाच वर दिसतो. आधी लघवीला जाऊन या. अर्धा तास चहा, कॉफी, तंबाखू नको. पाठ टेकून, पाय जमिनीवर सपाट, पायावर पाय न टाकता पाच मिनिटं गप्प बसा. हात टेबलावर, दंड छातीच्या पातळीला, बाही वर गुंडाळून आवळलेली नको. मोजताना बोलू नका, बोलण्यानेही आकडा चढतो. मिनिटाभराच्या अंतराने दोनदा मोजा आणि दोन्ही आकडे वहीत लिहा, सकाळचं मोजमाप गोळी घेण्याआधी. घरच्या मोजमापात सरासरी १३५/८५ किंवा त्यावर राहिली तर ती वाढलेली धरतात. तुमचा स्वतःचा लक्ष्य आकडा डॉक्टरांकडून विचारून त्याच वहीच्या पहिल्या पानावर लिहा. आणि दिवसातून आठ वेळा मोजू नका. काळजीने आकडा वाढतो, वाढलेल्या आकड्याने काळजी.

एखाद्या दिवशी १८०/१२० च्या वर आकडा आला तर शांत बसून पाच मिनिटांनी पुन्हा मोजा. छातीत दुखणं, धाप, एका बाजूला हातापायातली ताकद जाणं, तोंड वाकडं होणं, बोबडी वळणं, दृष्टी अंधुक होणं, यांतलं काही सोबत असेल तर १०८ ला फोन, वाट बघायची नाही. असलं काहीच नसेल तर त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला. पण एक करू नका: जिभेखाली निफेडिपीनची कॅप्सूल फोडून दाब झटकन उतरवणं. एके काळी हे सर्रास चालायचं, आजही कोणीतरी शेजारी ते सुचवतो. चढ्या दाबाला सरावलेल्या मेंदूचा रक्तपुरवठा त्या झटक्यात तुटू शकतो आणि पक्षाघात ओढवू शकतो.

सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य शेवटी ठेवलं होतं. "बीपी आता नॉर्मल आहे, म्हणून गोळी बंद केली." मशीनवर दिसलेला १२८/८० हा गोळी पोटात असतानाचा आकडा आहे. छत्रीखाली कोरडं राहिलेल्या माणसाने पाऊस थांबला असं समजू नये. बंद केल्यावर अॅम्लोडिपीन हळूहळू शरीरातून जातं, दाब हळूहळू चढतो, आणि काहीच जाणवत नाही. वाढलेला दाब दुखत नाही, हीच त्याची वाईट खोड. मेटोप्रोलोलसारखी गोळी तर अचानक थांबवली की छातीत दुखणं, धडधड, क्वचित हृदयविकाराचा झटकाही येऊ शकतो. क्लोनिडीन एकदम सोडलं तर दाब पूर्वीपेक्षाही वर उसळतो. वजन उतरलं, मीठ कमी झालं, चालणं वाढलं, दारू सुटली, तर गोळी कमी करता येते, हे खरं आहे आणि मी ते होताना पाहिलं आहे. पण ती डॉक्टर उतरवतात, पायरीपायरीने, वहीतले आकडे बघत.

पैशासाठी गोळी थांबवणारेही आहेत, त्यांना वेगळं सांगायचं आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात तिशीपुढच्या सगळ्यांचा दाब मोजण्याचा सरकारी कार्यक्रम आहे आणि तिथे बीपीची औषधं मोफत मिळतात. देशातल्या उच्च रक्तदाब नियंत्रणाच्या उपक्रमात महाराष्ट्रातले सिंधुदुर्ग, सातारा, वर्धा आणि भंडारा हे जिल्हे सुरुवातीपासून होते, आणि त्यातली मुख्य औषधं हीच साधी, जुनी, स्वस्त: अॅम्लोडिपीन, टेल्मिसार्टन, लघवीची गोळी. जनऔषधी केंद्रातली गोळी कंपनीच्या नावाशिवाय येते, आतला घटक तोच. माझं गिऱ्हाईक कमी झालं तरी चालेल, तिथून घ्या, पण खंड पाडू नका. फक्त दुकान बदललं की खालची बारीक अक्षरं आणि मिलिग्रॅमचा आकडा जुन्या स्ट्रिपशी ताडून बघा, आणि नवी सुरू केली की जुनी बाजूला काढा.

एवढं एक काम आजच करा. घरात तुमच्या नावाने चालू असलेली सगळी औषधं, बीपीची, साखरेची, दुखण्याची, काढे, चूर्णं, डोळ्यांचे थेंबसुद्धा, एका पिशवीत भरा. पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना ती पिशवी टेबलावर रिकामी करा. आणि आमच्याकडे मेडिकलमध्ये याल तेव्हा कापलेला तुकडा नको, नाव आणि मुदत दिसेल अशी स्ट्रिप आणा.